फियाट, बाबा आणि एक जुनी यादी

आमच्या गाडीच्या मीटरवर आज ४१,३०६ किलोमीटर दिसतात. वाचणाऱ्याला वाटेल, वा, गाडी कमीच चाललीय की! पण या मीटरला घरं पाचच. ९९,९९९ झाले की तो मुकाट्यानं शून्यावर येतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा मोजायला लागतो. असा तो दोनदा आलाय. म्हणजे खरा आकडा २,४१,३०६. आमच्या धंद्यात याला ओव्हरफ्लो म्हणतात. १९९९ साली मी नोकरीला लागलो तेव्हा सगळं जग वायटूकेच्या नावानं घाबरलेलं होतं. दोन आकडी वर्ष शून्यावर गेलं की काय होईल, या भीतीपोटी आम्ही पोरं रात्र रात्र जागून जुने कोबोलचे प्रोग्रॅम तपासत होतो. घरात मात्र १९९४ सालीच शून्य येऊन गेलं होतं. बाबांनी वहीत तारीख लिहिली, गाडीला हार घातला, विषय संपला.

तर ही गाडी म्हणजे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. (पद्मिनी म्हणतो कोण म्हणा! पुण्या-मुंबईत ती फियाटच.) बाबांनी ती दोन वर्षं वापरलेली अशी, बँकेच्या कर्जावर घेतली, आणि १९८६ च्या मे महिन्यात आम्हा चौघांना घेऊन पुणे ते उटी असा प्रवास केला. मी नऊ वर्षांचा होतो. त्या चौघांतली आई आता नाही, ताई परदेशात आहे आणि बाबांनी नुकतंच ७८ वं वर्ष ओलांडलंय. गेल्या गणपतीत जेवताना ते सहज म्हणाले, "एकदा उटीला जाऊन येऊ. गाडीनंच."

"कुठल्या गाडीनं?" मी विचारलं. घरात एक बरी, सहा एअरबॅगवाली गाडीही आहे.

"गाडीनं," बाबा म्हणाले. जणू घरात दुसरी गाडी नव्हतीच.

आता यात एक हिशेब आहे, तो बाबांनी बोलून दाखवला नाही पण आम्हा दोघांना माहीत आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमच्या गाडीचं शेवटचं २०२४ मध्ये झालं. २०२२ मध्ये या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० झाली. पुढची तारीख २०२९ ची. पैशाचं काही नाही, पैसे भरू. पण २०२९ मध्ये बाबा ८२ वर्षांचे असतील. काही नूतनीकरणं आरटीओच्या हातात नसतात.

असो. मी हो म्हणालो आणि कामाला लागलो. सगळ्यात आधी बाबांची १९८६ ची वही काढली. पहिल्याच पानावर, बँकेतल्या माणसाच्या त्या आखीव अक्षरात, 'प्रवासापूर्वी' असं शीर्षक आणि खाली यादी:

प्लग ४. पॉइंट २ सेट. कंडेन्सर १. फॅनबेल्ट १. पेट्रोल पंपाचा किट. हेडलाइटचे बल्ब २. ट्यूब २, पंक्चरचं सामान, हातपंप. इंजिन ऑइल ४ लिटर. पाण्याचा कॅन. सुती फडकी ६. दोर. रावळगावच्या गोळ्या. पत्ते : कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी.

पहिल्यांदा वाचून हसू आलं. एवढं सामान घेऊन हा माणूस उटीला निघाला होता की गाडीचं दुकान टाकायला? पण मग शनिवार-रविवारचा माझा जुना रोग उपटला. प्रत्येक ओळ तिथं का आहे, हे शोधायला लागलो. आणि लक्षात आलं की ही यादी म्हणजे एक छोटासा इतिहासच आहे.

सुरुवात रावळगावच्या गोळ्यांपासून करतो, कारण त्या आणि गाडी एकाच माणसाकडून आल्यात. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद. या माणसानं १९१९ मध्ये जहाज कंपनी काढली, १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, आणि मालेगाव तालुक्यात रावळगावला उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला. त्याच रावळगावच्या गोळ्या पुढं घराघरांत पोचल्या. मोटारीच्या कारखान्याचं खूळ त्यांच्या डोक्यात १९३० च्या दशकापासून होतं. आपल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले विश्वेश्वरय्याही तेव्हा त्याच ध्यासानं झपाटलेले होते. आधी हा कारखाना म्हैसूर संस्थानात व्हावा असं घाटत होतं, पण इंग्रज सरकारनं काही साथ दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. अमेरिकेच्या क्रायस्लरबरोबर करार झाला, आणि पुढं १९५० च्या दशकात इटलीची फियाट आली. ती गोलमटोल, जुनी 'डुक्कर फियाट' आठवते का कुणाला? ती त्या काळातली.

याच सुमारास एक निर्णय झाला आणि त्यानं पुढच्या तीस वर्षांच्या सगळ्या याद्या ठरवून टाकल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं धोरण आखलं की, नुसते बाहेरचे सुटे भाग आणून इथं जोडणाऱ्या कंपन्यांनी गाशा गुंडाळावा. राहायचं असेल तर इथं बनवायची तयारी हवी. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना १९२८ पासून चालू होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. फोर्डही गेली. मागं उरल्या मोजक्याच कंपन्या : कलकत्त्याची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या त्याला परवाना, किंमत किती ठेवायची त्यालाही सरकारी हुकूम. (किमतीचा तो वाद १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.) गाड्या कमी आणि गिऱ्हाइकं जास्त, त्यामुळे नंबर लागायला वर्षानुवर्षं. आणि म्हणूनच वापरलेली गाडीसुद्धा लोक कर्ज काढून घेत. बाबांनी घेतली तशी.

मॉडेल बदलायची घाईही कुणाला नव्हती. आमच्या गाडीचं मूळ म्हणजे फियाट ११०० डी. १९६४ पासून ती इथं 'डिलाइट' या नावानं निघायला लागली. इटलीत ती १९६६ मध्येच बंद झाली. आपल्याकडे १९७० च्या दशकात फियाटचं नाव जाऊन प्रीमियर प्रेसिडेंट आलं, मग पद्मिनी आलं, पण आत तेच १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगजवळचा तोच हाताचा गिअर. हा वंश २००० च्या सुमारापर्यंत चालला. एकच सोर्स कोड पस्तीस वर्षं, फक्त नाव बदलून नवीन रिलीज!

आता यावर नाकं मुरडणं सोपं आहे आणि मीही मुरडायचो. पण बाबांची यादी परत वाचा. त्यात सामान आहे; पॉइंट कसे बसवायचे, किट कसा भरायचा, याची एक ओळ नाही. का? कारण ती गरजच नव्हती. कात्रजपासून बंगळूरपर्यंत कुठल्याही गावात बॉनेट उघडून उभं राहिलं की कुणीतरी पाना घेऊन यायचं. देशात गाड्याच दोन-तीन प्रकारच्या, त्याही वर्षानुवर्षं त्याच. त्यामुळे मिस्त्री तयार व्हायला वेळ मिळाला. तालुक्याच्या गावातला पोरगा दहा वर्षांचा असताना ज्या इंजिनावर हात काळे करायचा, त्याच इंजिनावर चाळिसाव्या वर्षी वस्ताद व्हायचा. टंचाईनं माणसांना खूप छळलं, त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण त्या टंचाईचं एक पिल्लू असं होतं की एका गाडीचं ज्ञान अख्ख्या रस्त्यावर पसरलेलं होतं. सामान आपण न्यायचं, हात वाटेत मिळायचे. बाबांची यादी या भरवशावर उभी होती.

भरवशावरून आठवलं. लांबच्या प्रवासाला मोटार घेऊन निघालेलं जगातलं पहिलं माणूस म्हणजे बर्था बेंझ. ऑगस्ट १८८८. नवऱ्याला, म्हणजे कार्ल बेंझला, न सांगता ही बाई दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटर. पेट्रोल पंप नावाची गोष्ट जगात नव्हती, म्हणून वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली तिथं मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनरचा पूर्वज तोच. म्हणजे बघा, मोटारीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात इंधन, ठिणगी आणि ब्रेक ही तिन्ही दुखणी दिसली, आणि तिन्ही जुन्या गाडीच्या यादीत आजही पहिल्या पानावर आहेत. आणि ती पार पडली कशावर? स्वतःचं डोकं, आणि वाटेतला औषधवाला नि चांभार.

अजून एक गंमत. आपण सुट्या चाकाला 'स्टेपनी' म्हणतो ना, ते वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्याचं नाव. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी सुटं चाक बनवून विकायला सुरुवात केली. तोपर्यंत गाड्यांना सुटं चाकच नसायचं. पंक्चर झालं की वाटेतच टायर उतरवून काढत बसा. तो रस्ता कुणाला माहीत नाही, पण आमच्या डिकीत त्याचं नाव पडलेलं आहे.

आता माझी यादी. १९८६ ला गाडी दोन वर्षांची होती, आता ४१ वर्षांची आहे. शिवाय गेली काही वर्षं ती महिन्यातून एकदा सारसबागेपर्यंत जाऊन येते, एवढीच. मला वाटायचं, उभी गाडी म्हणजे जपलेली गाडी. तसं नसतं हो. चालती गाडी झिजते, उभी गाडी सडते, आणि सडलेलं बाहेरून दिसत नाही. टायरचंच घ्या. नक्षी नव्यासारखी, कारण चाललेच नाहीत. पण टायरच्या कडेला चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर २३१२ होतं. म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. तेरा वर्षांचं रबर. बाजूला केसासारख्या भेगा. पाचही बदलले, स्टेपनीसकट.

मग मिस्त्री. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांच्या मागच्या बोळात एक सत्तरी ओलांडलेले मिस्त्री आहेत. त्यांचा मुलगा त्याच गॅरेजात नव्या गाड्या बघतो, स्कॅनर लावून. त्यानं आमच्या गाडीकडे पाहून गंभीरपणे विचारलं, "याला पोर्ट कुठंय?" म्हातारबुवा खदाखदा हसले. मग त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला सांगितलं, आणि डोळे मिटून अर्धा मिनिट नुसते उभे राहिले. त्यांचा स्कॅनर तो.

तीन शनिवार मी तिथं स्टुलावर बसून होतो. रेडिएटर उतरवून साफ केला, त्यातून गंजाचं तांबडं पाणी किती वेळ येत होतं. पाण्याचे सगळे होज पाइप आणि फॅनबेल्ट नवे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यांचे लायनर नवे, व्हील सिलिंडरची रबरं नवी, आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल भसकन खाली जातं. उटीहून उतरताना हे कळणं परवडणारं नव्हतं. पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस. पॉइंट आणि कंडेन्सर नवे. त्यांनी मला पॉइंटचा गॅप लावायला शिकवलं. फीलर गेज नसेल तर काडेपेटीच्या पुठ्ठ्यावर कसं निभवायचं तेही.

सुटे भाग मिळवणं मात्र वेगळीच यात्रा होती. फियाटचं सामान इतकी वर्षं बाजारात टिकलं ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. हजारो टॅक्स्या रोज धावणार, रोज काहीतरी बिघडणार, म्हणून कुणीतरी रोज ते बनवणार. मग टॅक्सीला वयाची मर्यादा आली : २००८ मध्ये २५ वर्षं, २०१३ मध्ये २० वर्षं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली. त्यावर पेपरांतून गहिवरून लिहून आलं. नाना पेठेतल्या दुकानदाराचं म्हणणं एका वाक्यात होतं : "टॅक्सी गेली, आता कोण बनवणार?" तरी बरंचसं मिळालं. काही दुकानाच्या माळ्यावरून, काही घरबसल्या मागवून कुरिअरनं.

उरला पेट्रोलचा प्रश्न. आमच्या गाडीनं पेट्रोलचे तीन जमाने पाहिलेत. तरुणपणी शिसं घातलेलं पेट्रोल. १९२१ मध्ये अमेरिकेत शोध लागला की पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की इंजिनाची खटखट थांबते, आणि सगळ्या जगानं ते विष पुढची अनेक दशकं धुरातून ओढलं. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर बंद झालं. फार चांगलं झालं. आता तिसरा जमाना इथेनॉलचा. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत पंपावरचं साधं पेट्रोल म्हणजे तेच झालं. उसापासून इथेनॉल होतं, महाराष्ट्राला त्यात रस असणं साहजिक आहे. पण जुन्या गाड्यांतलं रबर इथेनॉलसाठी बनवलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, सुटतं. काय योगायोग बघा, ज्या माणसानं ही गाडी बनवणारा कारखाना काढला त्यानंच माळरानावर साखर कारखानेही काढले, आणि आज उसाचा अर्क त्या गाडीच्या नळ्या खातोय. मिस्त्रींनी पंपाचा डायफ्रॅम आणि इंजिनाजवळच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या. मागं टाकीजवळही एक वीतभर नळी असते. ते म्हणाले, "तीपण बदलू." संध्याकाळ झाली होती, टाकी उतरवायला लागली असती. मी वाकून पाहिलं, बाहेरून ठीक दिसत होती. म्हणालो, "राहू द्या, चालेल."

सॉफ्टवेअरमध्ये पंचवीस वर्षं घालवलेल्या माणसानं 'चालेल' म्हणावं म्हणजे कमाल झाली.

गेल्या रविवारी चाचणी घेतली. पुणे-वाई-पुणे. पहाटे निघालो, बाबा डाव्या सीटवर, मांडीवर वही. कात्रज मस्त चढली. खंबाटकीच्या निम्म्यात इंजिन अडखळलं, दोन आचके दिले आणि बंद. मला एकदम १९८६ आठवलं : चित्रदुर्गाच्या अलीकडं, भर दुपारी, बॉनेट उघडं आणि बाबा पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवतायत. उन्हात पंप तापला की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यात सगळे त्याला एअर लॉक म्हणत, आणि यादीतली सहा सुती फडकी त्यासाठीच. मी झटकन फडकं भिजवलं, पंपावर ठेवलं, वीस मिनिटं थांबलो. चालू झाली. तीनशे मीटरवर पुन्हा बंद. पुन्हा फडकं.

बाबा शांतपणे म्हणाले, "डिसेंबर आहे. सकाळचे साडेसात वाजलेत. मला स्वेटर घालूनही थंडी वाजतेय, आणि तुझा पंप तापला?"

मी गप्प.

"थांबल्यावर चालू होते, ओढ लागली की बंद पडते. कुठंतरी नळी मिटतेय. बदलली नाहीस ती कुठली?"

गाडीखाली सरपटलो. टाकीजवळची ती वीतभर नळी. काढून आडवी कापली तर बाहेरून धडधाकट आणि आतला थर सुटून पडदा झालेला. पेट्रोल ओढलं की तो पडदा दार लावल्यासारखा बसायचा. आमच्या सगळ्या भारी सामानात त्या मापाची नळी नव्हती. फोनवर नकाशा होता, हेल्पलाइन होती, आणि एका ठिकाणी गाडीचं मॉडेल निवडायच्या यादीत आमची गाडीच नव्हती.

तेवढ्यात एक टेम्पो मागं थांबला. तिशीतला ड्रायव्हर उतरला, वाकून बघितलं, आपल्या सीटखालून फूटभर नळी आणि दोन क्लॅम्प काढून दिले. पैसे विचारले तर कानाला हात लावला. म्हणाला, "आमच्या वडिलांची मुंबईत टॅक्सी होती, हीच. वीस वर्षं चालवली." मग जरा घुटमळून, "काका, बसू का एकदा?" बसला. हाताचा गिअर एकदा खाली, एकदा वर टाकून बघितला, मान हलवली आणि गेला. आम्ही घाट चढलो, वाईला गणपतीचं दर्शन घेतलं, मिसळ खाल्ली आणि परत आलो. सोमवारी टाकी उतरवून ती नळी नीट बदलली. 'चालेल' हा शब्द सध्या मी घरात वापरत नाही.

त्या रात्री माझी यादी पूर्ण केली. मोठी झालीय. सामान आहेच, पण सामानापेक्षा कागद जास्त आहेत : पॉइंटचा गॅप किती, किट कसा भरायचा, कुठली नळी कुठल्या मापाची, वायरिंगचा नकाशा. कारण आता उलटं झालंय. सामान दोन दिवसांत कुठंही येतं. ते बसवणारा माणूस येत नाही. हुबळीच्या गॅरेजातला पोरगा हुशार असेल, पण त्यानं ही गाडी पाहिलेलीच नसेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. बाबांनी सुटे भाग नेले होते, मला मिस्त्री कागदावर न्यावा लागतोय. आमच्या कंपनीत जुनी सिस्टिम चालवणारा शेवटचा माणूस निवृत्त होताना त्याच्याकडून जे भराभर लिहून घेतो, तसलाच प्रकार.

रस्त्यांचीही ओळ आहे. १९८६ चा दुपदरी एनएच ४ आता चौपदरी-सहापदरी एनएच ४८ झालाय. तिथं सगळे शंभरानं जाणार आणि आम्ही साठनं, म्हणून मागं चमकणाऱ्या पट्ट्या आणि चांगले टेललॅम्प. बंदीपूरच्या जंगलातून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक २००९ पासून बंद असते, त्यामुळे म्हैसूरहून उजेडीच निघायचं. उटीला शिरायला २०२४ पासून ई-पास सुरू झालाय, तो काढला.

यादी बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, पेन्सिल मागितली. मला वाटलं ऑइल किती लिटर ते दुरुस्त करतील.

"पत्ते कुठायत?" म्हणाले.

"फोनमध्ये नकाशा आहे ना, बाबा."

"रस्त्याचं नाही विचारत. माणसांचे."

१९८६ च्या यादीतले चार पत्ते त्यांनी एकेक करून तपासले. कोल्हापूरची आत्या गेली. बेळगावचं घर विकलं गेलं. हुबळीचे मित्र गेले, पण त्यांचा मुलगा त्याच घरात राहतो. दावणगिरीचा नंबर लागेना. तीन जणांना फोन करून दुपारपर्यंत त्यांनी तोही मिळवला. तिकडचे गृहस्थ ८० वर्षांचे आहेत आणि त्यांना आमची गाडी आठवते. रंगासकट.

माझ्या छापील यादीच्या तळाशी बाबांनी आखीव अक्षरात दोन पत्ते लिहिले. मग जरा विचार करून खाली तिसरी ओळ : 'खंबाटकी, टेम्पोवाला, नाव विचारायचं राहिलं.'

शुक्रवारी पहाटे पाचला निघतोय. पुढच्या शनिवार-रविवारी काही लिहून होणार नाही. रावळगावच्या गोळ्या मिळाल्यात.